गोयागेटच्या फिटरला आलेली नोटीस: एका कल्पित खटल्याचा अभ्यास

सुपरहीरोला सक्तीनं फौजेत घालायचं म्हटलं की गोष्टी लिहिणारे बहुतेक एकाच वाटेनं जातात. तो जाणार की नाही, भ्याला की भडकला, शेवटी देशासाठी तयार झाला की नाही. बडोद्यातल्या आम्ही काही मराठी मंडळींनी दिवाळीच्या सुट्टीत दांडिया बाजारातल्या एका छोट्या सभागृहात अभिरूप न्यायालय भरवलं, तेव्हा प्रकरण रचायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ही वाट मुद्दाम बंद करून टाकली. आमचा नायक लढायला भीत नाही, हे दोन्ही पक्षांनी आधीच कबूल करायचं. वाद घालायचा तो यावर की त्याला हुकूम सोडायचा अधिकार कोणाचा, आणि हुकूम सुटलाच तर तो कोणावर चालणार. माणसं आणि खटला कल्पित. कायदे, जागा आणि तारखा खऱ्या. इतिहासाला जिथे फाटा फोडलाय तिथे तसं सांगतो.

प्रकरण असं. साल १९४२. बाबाजीपुऱ्यात राहणारा चोवीस वर्षांचा तरुण, गायकवाड सरकारच्या रेल्वेच्या गोयागेट वर्कशॉपात फिटर. गोयागेट म्हणजे आजचं प्रतापनगर. घरी आई आणि थोरली बहीण. त्याला आपण भाऊ म्हणू, बहिणीला अक्का. भाऊचे अनवाणी पाय मातीला टेकले की रुळावरून उतरलेलं अडीच फुटी गेजचं इंजिन तो एकटा उचलून परत रुळावर ठेवतो. पायात बूट चढवले, किंवा तो फळीवर, डेकवर, विमानात उभा राहिला, की जेमतेम गव्हाचं एक पोतं उचलेल. अक्का बालविधवा, मुलींच्या शाळेत शिक्षिका, वय अठ्ठावीस. तारेच्या खांबाला तिनं हात लावला की तारेतून जाणारा मजकूर तिला ऐकू येतो. हे घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. भाऊचं मात्र डभोईपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या डभोई–मियागाम मार्गावर १८६२ साली बैल डबे ओढत होते, त्याच मार्गावर त्यानं घसरलेलं इंजिन भर बाजाराच्या दिवशी उचललं होतं.

बुटांची अट काहींना पोरकट वाटली. मला ती हवीच होती, कारण अमर्याद शक्तीच्या माणसाला कोर्टाची गरज लागत नाही आणि कोर्टालाही त्याच्याबाबत काही करता येत नाही. अमेरिकेत हीच अडचण खऱ्याखुऱ्या १९४२ मध्ये आली होती. सुपरमॅन फौजेत गेला तर युद्ध आठवड्यात संपायला हवं, आणि वाचकांची मुलं तर तिकडे खरोखर लढत होती. म्हणून वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत क्लार्क केंट भरतीच्या डोळेतपासणीत नापास झाला. त्याची नजर भिंतीपलीकडे गेली आणि त्यानं शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवला. आमच्या भाऊचंही भरतीच्या वैद्यकीय तपासणीत असंच होतं. नियमाप्रमाणे बूट घालून वजन उचलायला लावलं आणि साहेबानं शेरा मारला, ‘सर्वसाधारण’. सरकारी वकिलाला हा कागद पुढे फार जड गेला.

आता इतिहासाचा फाटा. २३ मार्च १९४२ ला जपान्यांनी अंदमान घेतलं, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टण, काकिनाड्यावर बॉम्ब पडले. इथवर सगळं खरं. प्रत्यक्षात ते आरमार माघारी वळलं. आमच्या प्रकरणात ते वळत नाही, आंध्रच्या किनाऱ्यावर फौज उतरते. मे महिन्यात गव्हर्नर जनरल एक वटहुकूम काढतात की असाधारण शारीरिक क्षमता असलेल्या अठरा ते पंचेचाळीस वयाच्या कोणालाही सक्तीनं लष्करी सेवेत घेता येईल. जुलैत भाऊ आईला मुंबईच्या गाडीत बसवायला बडोदं स्टेशनवर जातो, आणि फलाटावर रेल्वे पोलिसांचा अंमलदार त्याच्या हातात नोटीस ठेवतो.

या वटहुकुमाला खऱ्या कायद्यात आधार किती, हे आधी बघावं लागलं, कारण दुसऱ्या महायुद्धात हिंदी माणसाला फौजेत सक्तीनं घेतलंच गेलं नाही. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांची असलेली फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली ती कागदोपत्री सगळी स्वेच्छेनं. पोटासाठी किती जण गेले तो वेगळा विषय. सक्ती होती ती दोन ठिकाणी. हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांसाठी १९४० चा वेगळा कायदा होता. आणि १९४० च्याच एका वटहुकुमानं फिटर, टर्नरसारख्या कारागिरांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कामावर हजर व्हायला लावता येत होतं. हाच मुलगा परळच्या वर्कशॉपात असता तर अंगात कसलीही शक्ती नसताना, नुसता फिटर म्हणून, त्याला उचलता आलं असतं! वटहुकुमांचं आयुष्य एरवी सहा महिन्यांचं. ती मर्यादाही १९४० मध्ये विलायतेच्या पार्लमेंटनं काढून टाकली होती. म्हणजे मी रचलेला वटहुकूम फार लांबची उडी नव्हती.

पण तो चालणार ब्रिटिश हिंदुस्थानात. भाऊ गायकवाडांची रयत.

इथून खटल्याला रंग चढला. बडोद्यात तेव्हा दोन राज्यांची दोन स्टेशनं होती. गोयागेट गायकवाडांचं. मुंबईच्या गाड्यांचं मोठं स्टेशन बी. बी. सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं, आणि त्या रेल्वेच्या जमिनीवरचा अंमल संस्थानानं इंग्रजांकडे सोपवलेला. टांगा स्टँडवर उभा असलेला माणूस गायकवाडी कायद्यात, आणि तोच माणूस तिकीट दाखवून आत गेला की दुसऱ्या कायद्यात. सरकार पक्षाचं म्हणणं सरळ होतं: नोटीस फलाटावर दिली, फलाट आमचा, विषय संपला.

बचाव पक्षाकडे कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि एक निवृत्त शिक्षक होते. मुलगी उठली आणि ‘अण्णा’ म्हणून सुरुवात करून लगेच ‘म्हणजे, न्यायमूर्ती महाराज’ अशी सावरली. न्यायाधीशाच्या खुर्चीवर आमच्यातलेच एक निवृत्त दिवाणी न्यायाधीश होते आणि त्यांना सगळं गाव अण्णाच म्हणतं. तिनं दोन मुद्दे मांडले. पहिला १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा. त्या कायद्यानं गव्हर्नर जनरल आणि संस्थानांसाठीचा राजप्रतिनिधी अशी दोन वेगळी पदं केली. १९४२ मध्ये दोन्ही पदांवर माणूस एकच, लॉर्ड लिनलिथगो. पण संस्थानातल्या रेल्वेजमिनीवर कायदा लागू करायचा तर त्यानं तो राजप्रतिनिधी म्हणून, वेगळ्या अधिसूचनेनं लागू करायला हवा. प्रकरणात अशी अधिसूचना नाही. तेव्हा एका हातानं काढलेला वटहुकूम दुसऱ्या हातानं लागू करायचा राहूनच गेला, आणि हातातली नोटीस रद्दी.

दुसरा मुद्दा जास्त भक्कम. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे विलायतेतल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, मुहम्मद युसुफुद्दीन यांचं प्रकरण आलं होतं. निजामाच्या मुलखातल्या रेल्वे स्टेशनवर त्यांना सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर पकडलं होतं, आणि गुन्ह्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. निकाल असा लागला की निजामानं रेल्वेच्या कारभारापुरता अंमल दिला आहे, त्या जमिनीवर वाटेल त्या कामासाठी वाटेल त्याला पकडायचा नाही, अटक बेकायदा. सरकारी वकील म्हणाले, हैदराबादचा करार हैदराबादपुरता, बडोद्याचा बडोद्यापुरता. म्हणाले ते बरोबरच. पण मग बडोद्यानं लष्करभरतीसाठी फलाट दिला होता असं दाखवणारा कागद त्यांनी आणायला हवा होता, आणि प्रकरणाच्या फायलीत तो नव्हता.

माझ्या अपेक्षेत नसलेला युक्तिवाद यानंतर सरकार पक्षाकडून आला. तो खास बडोद्याचा म्हणून इथे नोंदवतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत घातलं नाही तर आईबापांना दंड. सरकारी वकील म्हणाले, ज्या राज्यात लोकांनी स्वतःच्या मुलांवरची सक्ती मान्य केली, ज्या सक्तीमुळे या खटल्यातली आई आज मुलाची नोटीस स्वतः वाचू शकली, त्या राज्यात सक्ती या गोष्टीलाच हरकत कशी घेता येईल? सभागृहात थोडी कुजबुज झाली, कारण सक्तीच्या शिक्षणाचा अभिमान इथे प्रत्येक मराठी घरात आहे. त्यावर निवृत्त शिक्षक काका बसल्या जागेवरूनच म्हणाले, ‘शाळेतनं पोर संध्याकाळी घरी येतं, साहेब.’

अण्णांनी त्यांना उभं राहून बोलायला सांगितलं. उत्तर मात्र तेवढंच राहिलं आणि पुरलंही.

नोटीस डळमळली तसा सरकार पक्षानं पवित्रा बदलला. भारत संरक्षण नियमांतला ७५-अ हा नियम मालमत्ता ताब्यात घेण्याचा. गाड्या, इमारती, गोदामं, काय वाटेल ते युद्धासाठी ताब्यात घेता येई. १९४२ मध्ये बंगालात जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून होड्या काढून घेतल्या गेल्या. सरकार पक्षानं मांडलं की आम्ही माणूस मागत नाही, फक्त त्याची उचलण्याची क्षमता युद्धकाळापुरती ताब्यात घेतो. भरपाई १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे देऊ, रकमेवर मतभेद झाला तर लवाद नेमू.

मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. असाधारण माणसाला सरकार शिपायासारखं भरती करत नाही. सामान ताब्यात घ्यावं तसं ताब्यात घेतं. शिपायाला नाव, हुद्दा, पगार, रजा असते. सामानाला पावती असते. आईच्या शपथपत्रात मी एक वाक्य घातलं होतं: ‘माझी बैलगाडी नेली असती तर भाडं ठरवायला माणूस आला असता, मुलगा न्यायचा तर त्याचं भाडं कोण ठरवणार?’ हे वाक्य बचावाच्या बाजूनं लिहिलेलं, पण सरकार पक्षातल्या सीए मित्रानं ते उलटवलं आणि खरोखरच भाडं ठरवायला घेतलं. वाफेची क्रेन दिवसाला काय पडते, तिला कोळसा किती, क्रेन चालवणारी माणसं किती, आणि भाऊला लागतात फक्त भाकऱ्या. मग त्यानं कागदावरून मान वर न करता विचारलं, ‘घसारा किती टक्के धरायचा?’

हसू फुटलं आणि लगेच ओसरलंही. कायद्याची मुलगी एवढंच म्हणाली की ज्याचा घसारा धरायचा तो समोर उभा आहे, त्यालाच विचारा. भाऊची भूमिका करणारा पोरगा पायातल्या चपला काढून उभा होता. आमची तशी काही सूचना नव्हती. शक्ती अंगातून काढून वेगळी ठेवता येत नसेल तर ती ताब्यात घेणं म्हणजे माणूसच ताब्यात घेणं, आणि माणूस ७५-अ च्या कक्षेत येत नाही, असं तिनं मांडलं. कायद्याच्या दृष्टीनं याहून जास्त बोलायची गरज नव्हती.

आता दुसरा प्रश्न, हुकूम कोणावर चालणार. आमच्या कल्पित १९४२ मध्येही ऑगस्ट खऱ्यासारखाच येतो. ‘चले जाव’नंतर ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या, रूळ उखडले गेले. १८ ऑगस्टला बडोदं–आणंद मार्गावरच्या अडास स्टेशनवर बडोद्याच्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ही खरी घटना आहे, आणि अडास तेव्हा खेडा जिल्ह्यात म्हणजे इंग्रजी मुलखात होतं. सुनावणी मी सप्टेंबरात ठेवली ती याचसाठी. रुळावरून उतरलेलं इंजिन उचलणाऱ्या माणसाला सरकार पहिलं काम कोणतं देईल? आंध्रच्या किनाऱ्यावर जायला त्याला आठवडा लागेल. उखडलेला रूळ तर दोन स्टेशनं पलीकडे आहे.

भाऊचं शपथपत्र या जागी मी अगदी थोडक्यात लिहिलं होतं. जपान्यांशी लढायला तयार आहे. आपल्या पोरांनी काढलेला रूळ बसवायला जाणार नाही. विलायतेत नकार देणाऱ्यांसाठी न्यायाधिकरणं होती. पूर्ण सूट, किंवा बिनलढाऊ काम, किंवा नागरी काम असे पर्याय होते. पण ती सगळी रचना ‘मला लढायचं नाही’ म्हणणाऱ्यासाठी. ‘लढतो, पण याच्याशी नाही’ म्हणणाऱ्याला तिथेही सहजी जागा मिळाली नसती. आमच्या वटहुकुमात तर सवलतीचं कलमच नव्हतं.

सरकार पक्षानं हे सगळं ‘तर्कट’ ठरवलं. रूळ बसवायला नेणार याला पुरावा काय? बचाव पक्षानं पुरावा म्हणून अक्काला उभं केलं. स्टेशनकडून निघालेली तार तिनं खांबाला हात लावून ऐकली होती, आणि तारेत भाऊची पहिली नेमणूक आणंदच्या बाजूला, मार्ग मोकळा करायच्या कामावर होती. सरकारी वकिलानं उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला. खांबाला हात लावला तेव्हा मजकूर ऐकायच्या हेतूनंच लावला ना? ती हो म्हणाली. वकील खाली बसले, चेहऱ्यावर समाधान होतं. त्याचं कारण शेवटी येईल.

निकालाआधी आणखी एक कागद आला. बडोद्याच्या दरबारानं आज्ञापत्रिकेत, म्हणजे संस्थानाच्या राजपत्रात, हुकूम छापला की गोयागेट वर्कशॉपातला हा कामगार, संस्थानाचा नोकर, युद्धकाळापुरता सम्राटांच्या सेवेसाठी देण्यात येत आहे. हुकूम कल्पित. रीत मात्र खरी, कारण युद्धात संस्थानिकांनी पैसा आणि फौज दोन्ही देऊ केलं होतं. शाही हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या पथकाला बडोद्याचं नाव मिळालं ते गायकवाडांच्या देणगीमुळे. पथकाच्या चिन्हावर मुंगूस आहे. ज्या दरबारानं विमानांचे पैसे दिले तो एक फिटर देणार नाही असं समजायला जागा नव्हती. बचाव पक्षानं इतका वेळ जी संस्थानाची हद्द ढालीसारखी पुढे धरली होती, तिच्याच मालकानं दार उघडलं. जप्तीतून सुटलेला भाऊ नजराण्यात गेला.

याविरुद्ध दाद कुठे मागायची? न्यायमंदिरात वरिष्ठ न्यायालय होतं. त्यावर अपील हुजूर न्यायसभेकडे, आणि न्यायसभा सल्ला देणार खुद्द महाराजांना. म्हणजे महाराजांच्या हुकुमावरचा शेवटचा शब्द महाराजांचाच. शिक्षक काकांनी इथे हात टेकले आणि फक्त अटी मागितल्या. एक, भाऊला अनवाणी काम करू द्यावं. दोन, हिंदुस्थानाबाहेर, जहाजावर पाठवू नये. तीन, रयतेनं काढलेले रूळ बसवायच्या कामावर लावू नये.

अण्णांनी निकाल जागेवरच दिला. नोटीस रद्द. ७५-अ लागू नाही. दरबारचा हुकूम कायम. पहिल्या दोन अटी कामाच्या सोयीच्या, त्या मान्य. तिसरी राजकीय, ती दरबारकडे विनंती म्हणून पाठवावी, कोर्ट ती घालू शकत नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘हे काय, अण्णा!’ म्हणून ओरडलं. मला विचाराल तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे निकाल चोख होता. रागही रास्त होता. ज्या दोन अटींनी भाऊची शक्ती शाबूत राहणार होती त्या सरकारच्याही फायद्याच्या, म्हणून सहज मिळाल्या. त्याला स्वतःला हवी असलेली एकच होती.

राहिली अक्का. डिसेंबर १९४१ मध्ये विलायतेत वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि अपत्य नसलेल्या विधवा सक्तीच्या कक्षेत आल्या होत्या. तिथे ती नेमकी बसली असती. इथे १९४२ मध्ये स्त्रियांसाठी सहायक दल निघालं, पण ते स्वेच्छेचं. वटहुकुमात स्त्रियांचं नाव नाही. मात्र १८८५ च्या तार कायद्याचं कलम २५ असं होतं की संदेशातला मजकूर जाणून घ्यायच्या हेतूनं तारेच्या खांबाला नुसता स्पर्श केला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. कायदा लिहिणाऱ्यांपुढे तार चोरणारे, आकडे टाकणारे असतील. आमच्या अक्काला तो मापानं शिवल्यासारखा बसतो. निकालानंतर सरकारी वकिलानं तिच्यापुढे दोन कागद ठेवले, एक फिर्यादीचा मसुदा आणि एक सहायक दलाचा अर्ज. यातला कोणता भरायचा ते तुम्हीच ठरवा, म्हणाले.

कायद्याच्या मुलीनं दोन्ही कागद उचलून विचारलं, खांब कुठला? स्टेशनच्या आवारातला की टांगा स्टँडजवळचा? शपथपत्रात ती जागा मी मुद्दाम रिकामी सोडली होती. सभागृहाचा वॉचमन किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला होता आणि सीए मित्र फलाटाचा नकाशा काढायला कागद शोधत होता.